कापूस वेचायला आलेल्या बाईला "बांगलादेशी" म्हटलं. ग्रामसभेत मी काय बोलू?

धुऱ्यावरचा (राळेगाव)
नमस्कार मंडळी. जरा लांबलचक आहे, पण पूर्ण वाचून मग बोला.

आमच्याकडे दिवाळीनंतर बोंडं एकदमच फुटतात आणि गावातले मजूर पुरत नाहीत. तीन वर्षांपासून मुकादमामार्फत बाहेरून टोळी येते. यंदा मोठी चौदा माणसं आणि चार लेकरं आली. जुन्या जिनिंगच्या टिनाच्या शेडात उतरली. वेचाई किलोमागे दहा रुपये ठरली. माझ्या पाच एकरांतला पहिला वेचा त्यांनीच काढला.

मागच्या बुधवारी संध्याकाळी मी शेडापाशी काट्यावर कापूस मोजत होतो. मोटारसायकलवर दोन पोरं आली. एकाच्या हातात माईक, दुसऱ्याच्या हातात मोबाइल. यूट्यूबवर त्यांचं बातम्यांचं चॅनेल आहे म्हणे. समोर आलेल्या पहिल्याच बाईच्या तोंडाशी माईक धरला. "कुठून आली? आधार दाखव. मराठी बोलून दाखव." तिच्या कडेवर लेकरू होतं. ती घाबरली आणि मागं वळून आपल्या माणसाला तिच्या भाषेत काहीतरी बोलली. तो पोरगा लगेच कॅमेऱ्याकडे वळला, "ऐका, ही भाषा ऐका! बंगाली बोलून राहिली!" गावातले पंधरा-वीस जण गोळा झाले होते. काही हसले. "हाकला यायले" असाही आवाज आला.

मी तिथंच होतो. मी काहीच बोललो नाही.

रात्री व्हिडिओ टाकला, "गावात घुसले बांगलादेशी". सकाळी शेड रिकामं. शेवटच्या दिवसाची 4,120 रुपये वेचाई माझ्याकडे बाकी आहे आणि मुकादम फोन उचलत नाही.

आता रविवारी ग्रामसभा आहे. बाहेरच्या मजुरांना गावात थारा द्यायचा नाही असा ठराव येणार आहे. माझा धाकटा भाऊ 2014 पासून अमेरिकेत आहे. तिकडची काही बातमी लागली की आमचे बाबा जेवत नाहीत, आधी फोन लावायला लावतात. त्या बुधवारपासून मला बाबांच्या तोंडाकडे पाहवत नाही. ग्रामसभेत उभं राहायचं ठरवलंय. काय बोलू, ते सांगा.

वरुडची_संत्री
आधी हे सांगा, टोळी नेमकी कुठची?

धुऱ्यावरचा (राळेगाव)
मुकादम धारणीकडची म्हणाला होता. मी कागद पाहिले नाहीत. गोंडी आणि कोलामी आमच्या कानाला ओळखीची आहे. ही बोली वेगळी होती.

मेळघाटकर
दादा, व्हिडिओ पाहिला. चार वेळा पाहिला. ती बाई कोरकू बोलते आहे. आपल्या माणसाला म्हणते आहे की लेकराला घे, मला सोडत नाहीत.

मी स्वतः कोरकू आहे, चिखलदरा तालुक्यातला. कोरकू बोलणारी माणसं 2011 च्या जनगणनेत सात लाखांच्या वर होती, मेळघाटात आणि पलीकडे बैतूल, खंडवा, बुऱ्हाणपूर भागात. आमची भाषा मराठीच्या कुळातली नाही, हिंदीच्याही नाही आणि बंगालीच्या तर नाहीच. झारखंडची संथाली, मुंडारी ह्या तिच्या बहिणी. त्यामुळे न कळणं मी समजू शकतो. पण न कळलेली भाषा म्हणजे परदेश, हे कुठून आलं? धारणी अमरावती जिल्ह्यात आहे. ती बाई तुमच्याच अमरावती विभागातली आहे.

आमच्याकडे धान-मका निघाला की घरं बंद होतात. दर्यापूर, अकोट, अंजनगाव, आता पार यवतमाळपर्यंत माणसं जातात. होळीला परत येतात, कारण होळी हा आमचा सगळ्यात मोठा सण. फगवा मागतात, पाच दिवस नाचतात. मग पुन्हा काम पाहायला बाहेर. मी लहानपणी आईबरोबर अशाच शेडात राहिलो आहे. रात्री मोटारसायकलचा आवाज आला की आई दिवा विझवायची. तेव्हा माईक नव्हते, तरी विझवायची.

कपाशीवाला_बाप्पा
मेळघाटकर भाऊ, तुमचं दुख समजलं, पन दुसरी बाजूही आयका. गावात कोन येते, कोन जाते याचा हिशोब ठेवाले पाह्यजे का नाही? मागच्या साली आमच्याकडं एक टोळी मुकादमाची उचल घेऊन रातोरात पयाली. मुकादमानं पैसे मांगाले आमच्या दारात भांडन केलं. नाव नाही, गाव नाही, फोटू नाही. उद्या काही झालं तं पोलीस पाटलानं कोनाले शोधाचं? बाई बांगलादेशी नाही हे आता कयलं. त्या दिवशी कोनाले मालूम होतं?

सुनंदा_देवळी
मी वेगळंच बोलणार आहे. माझी आई आजही वेचाईला जाते. बाहेरची टोळी गुत्त्यानं काम घेते. उजाडायच्या आत वावरात, अंधार पडेपर्यंत तिथंच. आमच्या बाया घरचा सैपाक, लेकरांची शाळा उरकून दहाला येतात. मग कास्तकार म्हणतो, "तुमच्यापेक्षा तेच बरे." मागच्या हंगामात आमच्या बायांनी बारा रुपये किलो मागितले, तर टोळी दहावर आणली. म्हणजे मजूर "पुरत नाहीत" हे अर्धंच खरं आहे. त्या भावात पुरत नाहीत.

त्या बाईला जे झालं ते वाईट झालं, शंभर वेळा वाईट. पण "हाकला" म्हणणाऱ्यांत मजूर घरचीही माणसं असतील आणि त्यांच्या पोटात काय आहे ते कास्तकारांनी ऐकावं. ग्रामसभेत वेचाईचा एकच दर ठरवा, गावच्याला तोच आणि बाहेरच्यालाही तोच. मग पाहू भांडण उरते का.

धुऱ्यावरचा (राळेगाव)
सुनंदाताई, बरोबर बोललात. दहा रुपये मीच कबूल केले होते. पण आमचंही ऐका. 2025-26 च्या ह्या हंगामात हमीभाव क्विंटलला लांब धाग्याला 8,110 आणि मध्यम धाग्याला 7,710. सरकारी खरेदीत ओलावा जास्त निघाला की गाडी परत, मग व्यापारी देईल तो भाव. ऑगस्ट 2025 मध्ये कापसावरचं अकरा टक्के आयात शुल्क काढलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग वाढवून डिसेंबरअखेरपर्यंत. बाहेरचा कापूस मोकळा आत आला. पावसानं बोंडं सडली ती वेगळीच.

कपाशीवाला_बाप्पा
हे मात्र सोळा आने खरं! बाहेरचा कापूस गाठीच्या गाठी येते तं कोनी माईक घेऊन बंदरावर जात नाही. बाहेरची बाई आली तं सारं गाव गोया होते.

वरुडची_संत्री
बाप्पा, आमच्याकडे उलटं आहे. आमची संत्री सगळ्यात जास्त जायची ती बांगलादेशातच. त्यांनी वर्षागणिक आयात कर वाढवत नेला आणि बागाईतदार बसला. आम्ही रोज देवाजवळ मागतो की तिकडची दारं उघडू दे.

जुना_पटवारी
महसुलात तीस वर्षं काढली, म्हणून कायद्याचं बोलतो.

दोन गोष्टींची सरमिसळ होते आहे. एक, देशाच्या आत कामासाठी जाणं. संविधानाच्या कलम 19 नुसार नागरिक देशात कुठंही राहू शकतो, काम करू शकतो. ग्रामसभेला तसं न करू देण्याचा ठराव करता येत नाही. केला तरी टिकणार नाही. दोन, परवानगीशिवाय परदेशातून येणं. तो गुन्हा आहे आणि तो प्रश्न खोटा नाही, हेही मान्य करा. आपल्याच विभागात उशिराच्या जन्मनोंदींचं प्रकरण गाजलं. 2023 च्या दुरुस्तीनंतर उशिराची नोंद मंजूर करायचे अधिकार कोर्टाकडून महसूलकडे आले, पुढे अकोला-अमरावतीत बांगलादेशींना दाखले दिल्याचे आरोप झाले आणि जानेवारी 2025 मध्ये सरकारनं विशेष तपास पथक (एसआयटी) नेमलं. नोकरीत असताना मीही चुकीचे कागद पाहिले आहेत. ज्याला ह्याची काळजी वाटते तो काही वाईट माणूस होत नाही.

पण तपासणी पोलिसांनी करायची. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, हे आधारच्या कायद्यातच लिहिलंय. म्हणजे त्या पोरांनी जो कागद मागितला तो मागायचा त्यांना अधिकार नव्हता आणि बाईनं दाखवला असता तरी त्यातून त्यांना हवं ते सिद्ध झालं नसतं.

मेळघाटकर
काका, एक जोडतो. माझा जन्म घरी झाला. जन्माची नोंद नाही. शाळेत गुरुजींनी अंदाजानं 1 जून लावला. आमच्या वर्गात निम्म्या पोरांचा वाढदिवस 1 जून. उशिराच्या नोंदीवर संशय घेतला की पहिला फास आमच्याच गळ्याला लागतो.

हिंगणघाटी_भाऊ
1 जून! आमच्या घरी बाबा, दोन काका आणि मोठी आत्या, सगळ्यांचा वाढदिवस एकाच दिवशी. आजी म्हणायची, एका पुरणात चौघांचं भागतं.

मुलचेराकर
हा धागा दोन दिवस वाचतोय. लिहू की नको करत होतो.

मी गडचिरोलीतला बंगाली. हो, खरोखरचा बंगाली. माझे आजोबा पूर्व पाकिस्तानातून 1964 च्या दंगलींनंतर आले. सरकारनं कॅम्पात ठेवलं, मग तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात जंगल तोडून जमीन दिली. चामोर्शी, मुलचेरा भागात आमची गावं आहेत, अर्जुनी मोरगावकडेही आहेत. चंद्रपुरात तर बंगाली कॅम्प नावाची वस्तीच आहे. आजोबांनी ह्या मातीत धान लावला, तळ्यात मासे सोडले. मी घरी बंगाली बोलतो, शाळेत मराठी शिकलो, मित्रांशी झाडीबोलीत भांडतो.

तर मलाही "बांगलादेशी" म्हणतात. बांगलादेश 1971 ला झाला. माझे आजोबा त्याआधीच इथं आले होते. ज्या देशात आमच्या घरचा एकही माणूस एक दिवस राहिला नाही, त्याचं नाव माझ्या कपाळावर. आमच्या नमशूद्र समाजाला पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जातीचा दाखला मिळतो, महाराष्ट्रात नाही. मागायला गेलो की पहिला प्रश्न, "तुम्ही मुळचे कुठले?"

वर मेळघाटकर भाऊंनी लिहिलं की ती बाई बंगाली बोलत नव्हती. हे वाचून सगळ्यांना हायसं वाटलं असेल. मला विचारायचं आहे, ती बंगालीच बोलली असती तर? तर तिच्या तोंडावर माईक धरणं चाललं असतं का?

मेळघाटकर
दादा, माफ करा. माझ्या बोलण्यात ते आलं. तुमचा प्रश्न मी खाली ठेवणार नाही.

धुऱ्यावरचा (राळेगाव)
मुलचेराकर, तुमचा प्रश्न मी कागदावर लिहून घेतला आहे.

आर्वी_ते_ओहायो
धुऱ्यावरचा, मी तुमच्या भावाच्या जागी आहे. आर्वीची, अकरा वर्षांपासून ओहायोत.

22 फेब्रुवारी 2017 ला कॅन्ससमधल्या ओलेथा शहरात श्रीनिवास कुचिभोटला ह्या इंजिनिअरला गोळी घालून मारलं. मारणाऱ्यानं आधी व्हिसाबद्दल विचारलं, "माझ्या देशातून चालते व्हा" म्हणून ओरडला. नंतर एका ठिकाणी म्हणाला की मी इराणी माणसांना मारलं. म्हणजे त्यालाही समोरचा कोण हे माहीत नव्हतं. पण मुलचेराकर म्हणतात तेच, इराणी असता तर काय? त्या रात्री इयन ग्रिलॉट नावाचा एक गोरा माणूस मध्ये पडला आणि त्यालाही गोळी लागली. वाचला तो. माझ्या आईला श्रीनिवासचं नाव आठवत नाही, पण "तो मध्ये पडलेला पोरगा कसा आहे" हे ती अजून विचारते.

आमच्या राज्यात स्प्रिंगफिल्ड नावाचं शहर आहे. तिथं हैतीची बरीच माणसं कारखान्यांत कामाला आली, बहुतेक कायदेशीर संरक्षणावर. सप्टेंबर 2024 मध्ये अफवा उठली की ते लोकांची पाळीव कुत्री-मांजरं खातात. अध्यक्षपदाच्या वादचर्चेत ट्रम्प यांनी ती कोट्यवधी लोकांसमोर बोलून दाखवली. शहराचे अधिकारी सांगत होते की पुरावा नाही. तरी शाळांना बॉम्बच्या धमक्या आल्या, मुलं घरी पाठवावी लागली. शहरात अडचणी खऱ्या होत्या. घरभाडं वाढलं होतं, दवाखान्यात रांगा होत्या. सुनंदाताईंच्या बारा रुपयांसारख्याच खऱ्या. त्यावर कोणी बोललं नाही, सगळे कुत्र्या-मांजरांवर बोलले.

सप्टेंबर 2025 मध्ये एच-1बी, म्हणजे इथल्या नोकरीच्या व्हिसाच्या, नव्या अर्जाला 1 लाख डॉलर शुल्क लावलं. इथले कामगार म्हणतात, तुम्ही कमी पगारात येता म्हणून आमची नोकरी जाते. मला राग येतो. पण सुनंदाताईंचं वाचल्यावर तो राग थोडा थांबला. त्यांच्या आईचं जे म्हणणं आहे, तेच इथला कामगार म्हणतोय. आणि त्या कोरकू बाईचं जे आहे, ते माझं.

कपाशीवाला_बाप्पा
ताई, तुमी शिकेल हा, कागद घेऊन गेल्या. ह्याची तुलना त्याच्याशी कशी होईल?

आर्वी_ते_ओहायो
बाप्पा, तिला स्वतःच्या जिल्ह्याच्या बाजूला जायला कागद लागत नाही. मला लागला. मग तिचा हक्क माझ्यापेक्षा मोठाच ना?

बातमीवाला
मी तालुक्याला वार्ताहर आहे, बावीस वर्षं. त्या पोरांना मी ओळखत नाही, पण त्यांची अडचण ओळखतो. आम्हाला पगार नसतो. 26 जानेवारी, 15 ऑगस्ट, नेत्याचा वाढदिवस, जाहिराती आणा आणि त्यातलं कमिशन घ्या. यूट्यूबवाल्याला तेवढंही नसतं. त्याला किती जणांनी पाहिलं त्यावर सगळं. पाणंद रस्त्याची बातमी चाळीस जण पाहतात. ह्या व्हिडिओला परवा एकवीस हजार होते.

पण ही सबब नाही. पत्रकारानं अंगावर जायलाच पाहिजे, कोणाच्या ते महत्त्वाचं. ऑगस्ट 2015 मध्ये आयोवात ट्रम्प यांच्या पत्रकार परिषदेत होर्हे रामोस हा पत्रकार स्थलांतरितांबद्दल विचारायला उभा राहिला, त्याला सुरक्षारक्षकानं बाहेर काढलं, नंतर पुन्हा आत घेतलं आणि त्यानं पुन्हा विचारलं. नोव्हेंबर 2018 मध्ये व्हाइट हाउसमध्ये जिम अकॉस्टा ह्यानं मध्य अमेरिकेतून चालत येणाऱ्या तांड्यावर प्रश्न विचारला, माईक सोडला नाही, त्याचा प्रवेश परवाना गेला आणि नऊ दिवसांनी कोर्टानं तो परत द्यायला लावला. तो उद्धट होता असं म्हणणारेही आहेत. असेल. पण त्यांच्यासमोर सत्ता मागणारा, नंतर सत्तेत बसलेला माणूस होता, जो उत्तर द्यायला बांधील होता. शेडातली बाई कोणालाही उत्तर द्यायला बांधील नव्हती. त्या पोरांना माईक धरायचाच होता तर मुकादमासमोर धरायचा. टोळीची नोंद कुठं केली, उचल किती दिली, कापली किती? 1979 पासून आंतरराज्य मजुरांचा कायदा होता, नोव्हेंबर 2025 मध्ये तो नव्या श्रम संहितेत गेला. राज्यातल्या राज्यातली टोळी त्यातही बसत नाही, तिची दखलच कोणी घेत नाही. ही खरी बातमी होती.

सुनंदा_देवळी
मुकादमाला विचारा की वेचाईतला किलोमागे रुपया कोणाच्या खिशात जातो. आमच्या बायांना माहीत आहे, त्यांना कोणी विचारत नाही.

हिंगणघाटी_भाऊ
आमचं गाव राष्ट्रीय महामार्ग 44 ला लागून. 2020 च्या मे महिन्यात हैदराबादकडून माणसं चालत येत होती, बिहारची, उत्तर प्रदेशची, छत्तीसगडची. गावानं रस्त्यावर पिठलं-भात आणि पाण्याचे ड्रम ठेवले होते. कोणी कोणाला भाषा विचारली नाही. तेव्हा पायात चप्पल आहे का एवढंच पाहत होतो. तीच गावं, तीच माणसं. पाच वर्षांत काय झालं?

मुलचेराकर
आमच्याकडची माणसं दर वर्षी मिरची तोडायला तेलंगणात जातात. तेलुगू येत नाही. तिकडच्या शेडात तीही गप्पच बसतात.

जुना_पटवारी
धुऱ्यावरचा, ठरावाला नुसता विरोध करू नका, दुसरा ठराव मांडा. टोळी आली की मुकादमानं पोलीस पाटलाकडे नावं लिहून द्यावीत, जबाबदारी मुकादमाची आणि कास्तकाराची. बाप्पांचंही समाधान होईल. सुनंदाताईंचा दराचा मुद्दा त्यातच घ्या.

कपाशीवाला_बाप्पा
असं असन तं माया हात वर.

धुऱ्यावरचा (राळेगाव)
ग्रामसभा झाली. जमेल तसं सांगतो.

उभा राहिलो तर पाय कापत होते. आधी कबूल केलं की मी तिथं होतो आणि गप्प राहिलो. मग बाई कोरकू बोलत होती हे सांगितलं. सगळीकडे कुजबुज झाली, "अरे, मेळघाटची का!" वातावरण सैल पडलं. तिथंच बसावंसं वाटलं, पण कागदावर मुलचेराकरांचा प्रश्न होता. तो वाचला. ती बंगाली असती तर चाललं असतं का? कोणी उत्तर दिलं नाही. मागून एक जण उठून निघून गेला, माझा चुलतभाऊच. अजून बोलत नाही.

थारा न देण्याचा ठराव आला नाही. मुकादमानं नावं नोंदवायचा ठराव झाला. दराचा झाला नाही. कास्तकारांनी, म्हणजे माझ्याच माणसांनी, पुढच्या सभेवर ढकलला. सुनंदाताई, त्यात मी कमी पडलो.

आता पैशाचं. मेळघाटकर दादा, त्यांचं गाव लागलं का?

सुनंदा_देवळी
पुढच्या सभेला बायांना घेऊन बसा. आम्ही येऊ.

मेळघाटकर
लागलं. धारणीच्या बाजाराच्या दिवशी भेट झाली. तुम्ही पाठवलेले 4,120 तिच्या हातात दिले, तिनं मोजून घेतले. दुसऱ्या वेच्याला येणार का विचारलं. "नाही" म्हणाली. जास्त काही बोलली नाही.

निघताना तिनं एकच विचारलं. तिची मोठी मुलगी आश्रमशाळेत आहे. तिथल्या पोरांनी मोबाइलवर व्हिडिओ पाहिला आणि मुलीला "बांगलादेशी" म्हणतात. मुलगी शाळेतून घरी आली आहे, परत जात नाही. तो व्हिडिओ पुसता येतो का, असं विचारत होती. मी म्हटलं विचारतो.

बातमीवाला
मी त्या पोरांना गाठून बोललो. काढतो म्हणाले. चार दिवस झाले. लिंक खाली देत नाही, पाहणारे वाढतील. ज्यांना तक्रार करायची त्यांनी मला निरोप टाका. अल्पवयीन लेकरू स्पष्ट दिसतं हे कारण निवडा.

वरुडची_संत्री
केली.

आर्वी_ते_ओहायो
इथून केली. ऑफिसातल्या तिघांना करायला लावली.

कपाशीवाला_बाप्पा
पोराकडून करून घेतली. झाली म्हनते.

मुलचेराकर
केली. आत्ता पाहिलं, अजून दिसतोय.